दोन फोल्डरांचा ताळा

हिशेबाची वही लिहिणारा मनुष्य आणि ती तपासणारा मनुष्य हे निरनिराळे असावेत, ही व्यवहारांतील जुनी शिकवण आहे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला म्हणजे कारकुनाला रात्रीं झोंप लागते. परंतु मेळ बसल्याचें सांगणारा जो तपासनीस, तोच जर वही न उघडतां केवळ तिची जाडी पाहून “ठीक आहे” असा शेरा मारीत असेल, तर ती झोंप फसवी ठरते. संगणकाच्या जगांत असा एक तपासनीस रोज कामाला जुंपलेला असतो. दोन फोल्डर, म्हणजे फाइलींचीं दोन दप्तरें, समोरासमोर ठेवून त्यांत काय सारखें आहे, काय वेगळें आहे आणि काय एकाच बाजूला आहे, याचा अहवाल तो देतो. हा तपासनीस म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम. त्याच्या शब्दावर विसंबून माणसें मोठे निर्णय घेतात. तेव्हां या तपासनिसाची तपासणी कोणी व कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

समजा, एका लहान ग्रंथालयानें आपल्या संग्रहांतील जुन्या पत्रांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकावर ठेवलीं आहेत. मूळ पत्रें कसरीनें खाल्लीं. राहिलीं तीं हीं छायाचित्रेंच. जुनी डिस्क भरली म्हणून सर्व संग्रह नव्या डिस्कवर उतरविला. दोन्ही दप्तरें ताडून पाहणारा प्रोग्रॅम चालविला. “सर्व फाइली सारख्या” असा अहवाल आला आणि जुनी डिस्क पुसून टाकण्यांत आली. पुढें कित्येक महिन्यांनीं एक संशोधक पत्रें पाहूं लागला, तों त्यांतील कांहीं छायाचित्रें उघडेनातच. नांव तेंच, आकार तोच, तारीखहि तीच. आंतील मजकूर मात्र उतरवितांना नासला होता. प्रोग्रॅम खोटें बोलला नव्हता. त्यानें आंत डोकावून पाहिलेंच नव्हतें. आणि तो आंत डोकावतो कीं नाहीं, हें त्याच्या कर्त्यानें कधीं पारखून घेतलें नव्हतें.

अशी पारख करण्याच्या रीतीला संगणकाच्या व्यवसायांत ‘युनिट टेस्ट’ असें म्हणतात. प्रोग्रॅमचा एक लहानसा घटक वेगळा काढावयाचा, त्याला ठरलेली परिस्थिति द्यावयाची, त्याच्याकडून काम करवून घ्यावयाचें आणि आलेलें उत्तर अपेक्षित उत्तराशीं ताडावयाचें, एवढाच तिचा अर्थ. हें ताडण्याचें काम माणूस करीत नाहीं. दुसरा एक प्रोग्रॅमच करतो, म्हणून तें दिवसांतून शंभर वेळां करतां येतें. केंट बेक या अमेरिकन कारागिरानें १९९४ सालीं स्मॉलटॉक भाषेकरितां अशा चाचण्यांची एक चौकट बसविली. १९९७ मध्यें त्यानें एरिक गामा याच्या सहकार्यानें जावा भाषेकरितां ‘जेयुनिट’ रचली. तिचेंच वळण घेऊन स्टीव्ह पर्सेल यानें पायथॉन भाषेची चौकट तयार केली, आणि २००१ सालच्या पायथॉन २.१ या आवृत्तीपासून ती त्या भाषेबरोबरच मिळूं लागली. साधन अशा रीतीनें सर्वांच्या हातीं आलें. परंतु तराजू हातांत असला म्हणजे काय मोजावें तें आपोआप कळतें असें नाहीं.

फोल्डर ताडणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. युनिक्सच्या १९७४ सालच्या पांचव्या आवृत्तींत ‘डिफ’ ही आज्ञा प्रथम बाहेर आली, आणि तिचे वंशज अजूनहि रोज वापरांत आहेत. परंतु या विवेचनासाठीं पायथॉनबरोबर येणारा ‘फाइल-सीएमपी’ हा भाग अधिक सोयीचा आहे, कारण तो लहान आहे, सर्वांना वाचावयास मोकळा आहे आणि त्याचे गुणदोष उघड दिसतात. त्यांतील ‘डिर-सीएमपी’ या वर्गाला दोन फोल्डरांचीं नांवें दिलीं म्हणजे तो कांहीं याद्या तयार करतो: फक्त डावीकडे असलेलीं नांवें, फक्त उजवीकडे असलेलीं नांवें, दोहोंकडील समान उपफोल्डर, सारख्या फाइली, वेगळ्या फाइली आणि ज्यांची तुलना होऊंच शकली नाहीं अशा फाइली. शिवाय ‘रिपोर्ट’ नांवाची एक कृति त्याला येते. ती करावयास सांगितली कीं या याद्या तो इंग्रजी वाक्यांच्या रूपानें पडद्यावर छापून मोकळा होतो.

येथेंच चाचणी लिहिणारापुढें पहिला फांटा फुटतो. छापलेला अहवाल जसाच्या तसा पकडून अपेक्षित मजकुराशीं अक्षरशः ताडावा, कीं अहवालाकडे न पाहतां त्याच्यामागील याद्याच तपासाव्या?

पहिली वाट सोपी वाटते. एकदां प्रोग्रॅम चालवावा, छापून आलेला मजकूर डोळ्यांनीं वाचून पाहावा, बरोबर वाटला तर तो प्रमाण म्हणून एका फाइलींत जपून ठेवावा; पुढें प्रत्येक वेळीं नवा मजकूर त्याच्याशीं जुळवावा. एक अक्षर इकडचें तिकडे झालें तरी चाचणी ओरडून सांगते. कोणीं लिहिलें, का लिहिलें, हें कोणालाच आठवत नाहीं असा जुना प्रोग्रॅम हातीं आला असतां ही वाट फार उपयोगी पडते. मायकेल फेदर्स यानें २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत असल्या प्रोग्रॅमांसाठीं हाच उपाय सांगितला आहे: प्रोग्रॅमनें काय करावें हें कळत नसेल, तर तो आज काय करतो एवढें तरी आधीं चाचण्यांत नोंदून ठेवावें, आणि मगच त्याला हात लावावा.

परंतु या वाटेंत कांटेहि आहेत. अहवालाच्या पहिल्याच ओळींत दोन्ही फोल्डरांचे संपूर्ण पत्ते छापलेले असतात, आणि चाचणीसाठीं बनविलेल्या तात्पुरत्या फोल्डरांचे पत्ते दर खेपेस वेगळे असतात. विंडोज संगणकावर पत्त्यांतील रेघ एका बाजूला कलते, लिनक्सवर दुसऱ्या बाजूला. ‘डिफ’सारखी बाहेरची आज्ञा वापरली तर आणखी एक अडचण उद्भवते. ग्नू संस्थेच्या ‘डिफ’चे संदेश अनेक भाषांत अनुवादिलेले आहेत, संगणकाची भाषा जर्मन असली कीं तो जर्मनमध्यें बोलूं लागतो आणि इंग्रजी वाक्याची अपेक्षा करणारी चाचणी नापास होते. म्हणून जाणते लोक अशी आज्ञा चालविण्यापूर्वीं ‘एलसी-ऑल’ या खुणेंत ‘सी’ हें मूल्य घालून तिची भाषा बांधून टाकतात. या सर्वांहून मोठा दोष माणसाच्या स्वभावांतला आहे. कोणीं अहवालांतील एखादा स्वल्पविराम बदलला आणि त्यामुळें चाळीस चाचण्या एकदम कोसळल्या, तर तो मनुष्य त्या चाळीस अहवालांचें वाचन करीत बसत नाहीं. नवा मजकूर हाच आतां प्रमाण, असें ठरवून तो सर्व चाचण्या एका फटक्यांत मंजूर करतो. त्या चाळिसांत एखादी खरी चूक दडलेली असली, तर तीहि त्याच शिक्क्याखालीं प्रमाण ठरते.

दुसरी वाट म्हणजे याद्यांनाच प्रश्न विचारणें. फक्त डावीकडे काय आहे? अमुक एक नांव, दुसरें कांहीं नाहीं. वेगळ्या फाइली कोणत्या? ही एक. अशा चाचणीला वाक्यरचनेशीं कर्तव्य नसतें. अहवाल उद्यां मराठींत छापला तरी तिला धक्का लागत नाहीं. ती नापास झाली तर दोष तुलनेंत आहे हें तत्काळ कळतें, शब्दांत शोधत बसावें लागत नाहीं. उणेपण इतकेंच कीं याद्या अचूक असूनहि छापतांना चूक होऊं शकते. उजवीकडची यादी चुकून डावीच्या नांवाखालीं छापली गेली, तर दुसऱ्या वाटेच्या चाचणीला त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. आणि वाचणारा तर छापलेलेंच वाचतो.

तेव्हां एकच वाट धरणें श्रेयस्कर नाहीं. योग्य तोड अशी कीं, शोधणें आणि सांगणें हीं दोन कामें प्रोग्रॅममध्येंच वेगळीं करावीं. एका भागानें फोल्डर पाहून निष्कर्षांच्या याद्या तयार कराव्या. दुसऱ्यानें त्या याद्या घेऊन वाक्यें करावीं. पहिल्या भागाच्या चाचण्या पुष्कळ असाव्या आणि त्या याद्यांवर असाव्या. दुसऱ्या भागाच्या थोड्या असाव्या. त्यांना फोल्डर, डिस्क यांपैकीं कांहींच लागत नाहीं, हातानें लिहिलेली एक यादी पुरते. आणि दोन्ही भाग एकमेकांस नीट जोडले आहेत कीं नाहीं हें पाहण्यास संपूर्ण अहवालाच्या दोनचार चाचण्या असल्या म्हणजे झालें. पायथॉनच्या कर्त्यांनीं साधारण हाच मार्ग अनुसरला आहे. त्यांच्या चाचण्यांत याद्या स्वतंत्रपणें तपासल्या जातात; आणि अहवालासाठीं पडद्यावर जाणारा मजकूर मधल्यामध्यें अडवून, ओळी सुट्या करून, अपेक्षित ओळींशीं ताडला जातो. त्या अपेक्षित ओळींत फोल्डरांचे पत्ते कायमचे लिहून ठेवलेले नसतात. तात्पुरत्या फोल्डरांचे जे पत्ते मिळतील तेच चाचणी तेथें भरते. गंमत अशी कीं, मूळ प्रोग्रॅममध्यें या अहवालाच्या रूपाविषयीं एक टीप आहे, तिचा आशय असा कीं हें रूप मुद्दामच गबाळें ठेवलें आहे. जणू कर्ता सुचवीत आहे कीं या वाक्यांवर फार विसंबूं नका. नेमकें हवें असेल तर याद्यांकडे जा.

दुसरा फांटा डिस्कचा. चाचणीसाठीं खरे फोल्डर बनवावे, कीं खोटे? स्मरणशक्तींतच एक कृत्रिम फाइलपद्धति उभी करणारीं साधनें आहेत. पायथॉनसाठीं ‘पायफेकएफएस’ हें त्यांपैकीं एक. तीं जलद असतात आणि खऱ्या डिस्कवर ओरखडाहि उमटूं देत नाहींत. परंतु ज्या प्रोग्रॅमचें सारें कामच खऱ्या डिस्कशीं आहे, त्याला नकली डिस्क दाखवून पास करणें म्हणजे पोहणाराची परीक्षा गादीवर घेण्यासारखें आहे. खरी डिस्क जे हट्ट करते ते नकली डिस्कच्या कर्त्याला सुचलेच असतील असें नाहीं. पायथॉन ३.२ या २०११ सालच्या आवृत्तीपासून, काम संपतांच आपोआप नाहींसा होणारा तात्पुरता फोल्डर मागण्याची सोय आहे. त्यांत चारपांच लहान फाइली लिहावयास क्षणाचाहि अवधि लागत नाहीं. म्हणून येथें खऱ्या फोल्डरांकडेच कौल द्यावा. प्रत्येक चाचणीनें आपला फोल्डर स्वतः बनवावा, म्हणजे एकीची उष्टीं दुसरीच्या ताटांत पडत नाहींत. अपवाद एकच: जी आपत्ति खऱ्या डिस्कवर हुकुमी घडवितां येत नाहीं तिचें सोंग आणावें. न वाचतां येणाऱ्या फाइलीचें उदाहरण घ्यावें. वाचण्याची परवानगी काढून घेतली कीं साधारण मनुष्याला फाइल उघडत नाहीं. परंतु तीच चाचणी संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालविली तर ती फाइल खुशाल उघडते आणि चाचणी विनाकारण नापास होते. अशा ठिकाणीं फाइल उघडणाऱ्या कृतीच्या जागीं, नेहमीं नकार देणारी एक बाहुली बसविणें रास्त आहे.

खऱ्या डिस्कचे हट्ट कोणते? पहिला, क्रमाचा. फोल्डरांत काय आहे असें विचारलें असतां डिस्क नांवें कोणत्याहि क्रमानें सांगते. पायथॉनच्या माहितीपुस्तकांत तसें स्पष्ट म्हटलें आहे. लिहिणाराच्या संगणकावर योगायोगानें वर्णानुक्रम लाभतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर तो मोडतो. ‘डिर-सीएमपी’ अहवाल छापण्यापूर्वीं याद्या लावून घेतो. जो प्रोग्रॅम तसें करीत नसेल त्याच्या चाचणीनें क्रम सोडून केवळ सभासद ताडावे. दुसरा हट्ट वेळेचा. फाइल शेवटीं केव्हां बदलली हें डिस्क नोंदून ठेवते, परंतु सर्व घड्याळें सारखीं बारीक नसतात. पेनड्राइव्हवर पुष्कळदां आढळणाऱ्या फॅट या जुन्या पद्धतींत ही नोंद दोन दोन सेकंदांच्या टप्प्यांनीं होते. चाचणींत एकामागून एक दोन फाइली लिहिल्या, तर त्यांची वेळ कधीं एक पडते, कधीं वेगळी पडते. आणि सकाळीं पास झालेली चाचणी संध्याकाळीं नापास होते. असल्या लहरी चाचणीवरचा विश्वास उडाला कीं लोक तिच्या खऱ्या ओरडण्याकडेहि कानाडोळा करूं लागतात. उपाय सोपा आहे: वेळ दैवावर न सोपवितां चाचणीनेंच प्रत्येक फाइलीला ती नेमून द्यावी. तशी आज्ञा पायथॉनमध्यें आहे.

यापुढचा प्रश्न मात्र साधनांचा नसून विवेकाचा आहे: कोणत्या प्रसंगांच्या चाचण्या लिहाव्या? सारख्या फाइली, वेगळ्या फाइली, एकीकडेच असलेल्या फाइली, रिकामा फोल्डर, हे प्रसंग कोणालाहि सुचतात. एकाच नांवाची एकीकडे फाइल आणि दुसरीकडे फोल्डर असणें, हा थोडा आडवळणाचा प्रसंग. परंतु अहवाल देणारा दोन प्रकारें चुकतो. सारख्या वस्तूंना तो वेगळें म्हणाला, तर त्रास होतो. माणूस पुन्हां पाहतो, चिडतो, पण कांहीं गमावीत नाहीं. वेगळ्या वस्तूंना तो सारखें म्हणाला, तर माणूस निर्धास्त होतो आणि जुनी प्रत पुसून टाकतो. या दोन चुकांचें वजन एक नव्हे. म्हणून चाचण्यांचा अधिक भार दुसऱ्या बाजूला पडला पाहिजे. जेथें जेथें अहवाल खोटें समाधान देण्याचा संभव आहे, तेथें तेथें एक चाचणी पहाऱ्याला उभी असावी.

असा पहिला संभव त्या ग्रंथालयाच्या उदाहरणांतलाच. ‘फाइल-सीएमपी’ची नेहमींची रीत अशी आहे कीं, दोन फाइलींचा प्रकार, आकार आणि बदलाची वेळ जुळली तर आंत न पाहतां त्या सारख्या मानावयाच्या, वेळ जुळली नाहीं पण आकार जुळला तरच अक्षरें वाचावयाचीं. यांत लबाडी नाहीं, काटकसर आहे. लाखो फाइली वाचण्याचा वेळ वांचतो. १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅमहि, वेगळें सांगितलें नाहीं तर, आकार आणि वेळ यांवरूनच कोणती फाइल पुन्हां उतरवावी तें ठरवितो. परंतु वेळ जशीच्या तशी राखून केलेली नक्कल वाटेंत नासली तर या काटकसरीची किंमत कळते. येथली चाचणी चार ओळींची आहे: एका फाइलींत ‘क’ लिहावा, दुसरींत ‘ख’, दोन्ही अक्षरें युटीएफ-८ या पद्धतींत तीन तीन बाइट व्यापतात, म्हणजे आकार समान झाला. दोन्ही फाइलींना एकच वेळ नेमून द्यावी. मग विचारावें: या सारख्या कीं वेगळ्या? उथळ तुलना “सारख्या” म्हणेल, सखोल तुलना “वेगळ्या” म्हणेल. दोहोंच्याहि चाचण्या लिहून ठेवाव्या, आणि त्यांचीं नांवें अशीं स्पष्ट असावीं कीं वाचणाराला प्रोग्रॅमची मर्यादा नांवावरूनच समजावी. कित्येक वर्षें ‘डिर-सीएमपी’ला सखोल पाहावयास सांगण्याची सोयच नव्हती, ती २०२४ सालच्या पायथॉन ३.१३ मध्यें आली.

दुसरा संभव मौनाचा. ‘रिपोर्ट’ ही कृति वरच्या थरापुरतेंच बोलते. उपफोल्डर दोहोंकडे आहेत एवढें ती सांगते, त्यांच्या आंत उतरत नाहीं. घाईनें वाचणाराला “समान उपफोल्डर” हे शब्द “सारखे उपफोल्डर” असे वाटतात. आंत खोलवर जाणारा अहवाल वेगळा मागावा लागतो. तेव्हां तीन थर खालीं एकच वेगळी फाइल ठेवून, वरचा अहवाल तिच्याविषयीं गप्प राहतो आणि खोल अहवाल तिचें नांव घेतो, हें दोन्ही तपासावें. त्याचप्रमाणें कांहीं नांवें हा प्रोग्रॅम सांगितल्याशिवायच वगळतो. त्या यादींत प्रोग्रॅमकारांच्या कामाचे ‘आरसीएस’, ‘सीव्हीएस’ इत्यादि फोल्डर आहेत. पण ‘टॅग्ज’ असें एक साधें नांवहि आहे. कोणीं आपल्या संग्रहांतील खुणांच्या फाइलीला रोमन लिपींत हेंच नांव दिलें, तर ती हरवली काय आणि राहिली काय, अहवालांत तिचा उल्लेखहि होणार नाहीं. वगळलेल्या नांवांची चाचणी लिहूं लागलें म्हणजे हें मौन प्रथम लक्षांत येतें. चाचणीचा हाहि एक लाभ आहे.

खोल अहवालाची एक लहानशी कथा येथें शोभेल. एखाद्या कारागिरानें ‘डिर-सीएमपी’वरून आपला सुधारलेला वर्ग बनविला, तर वरच्या थराला त्याच्या सुधारणा लागू होत, परंतु आंत उतरतांच प्रोग्रॅम मूळचाच वर्ग पुढें करीत असे. म्हणजे दारावर नवा पहारेकरी आणि माजघरांत जुनाच. २०२१ सालच्या पायथॉन ३.१० मध्यें हें दुरुस्त झालें. वरच्या थरापुरत्याच चाचण्या लिहिल्या असतां असला दोष वर्षानुवर्षें कसा दडून राहतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

तिसरा संभव मराठी लिहिणारांच्या घरचाच आहे. ‘शेतकऱ्यांचीं पत्रें’ या नांवाची एक फाइल घ्यावी. त्यांतील रफाराहून निराळा असा जो ‘ऱ’, तो युनिकोडमध्यें दोन प्रकारांनीं लिहितां येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याच्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात; संगणकाच्या दृष्टीनें तीं दोन भिन्न नांवें. १९९८ सालीं मॅक संगणकांवर आलेली एचएफएस प्लस ही फाइलपद्धति नांवें अशीं सुटीं करूनच ठेवीत असे. २०१७ पासून तिची जागा एपीएफएसनें घेतली, तरी जुन्या डिस्कवरून उतरविलेले संग्रह अद्याप आहेतच. असा एखादा संग्रह लिनक्सवर आला, तर अहवाल सांगतो कीं ‘शेतकऱ्यांचीं पत्रें’ फक्त डावीकडे आहे, आणि ‘शेतकऱ्यांचीं पत्रें’ फक्त उजवीकडे आहे. वाचणारा चक्रावून जातो. येथें प्रोग्रॅमनें नांवें एकरूप करून मग ताडावीं, कीं जशीं आहेत तशीं वेगळीं दाखवावीं? दोन्ही पक्षांना आधार आहे. मात्र निर्णय कोणताहि असो, तो चाचणींत लिहिलेला असावा. रोमन नांवांवर सर्व चाचण्या उरकणाराच्या ध्यानांत हा प्रसंग येणार नाहीं. ज्याच्या दप्तरांत शेतकरी आणि वारकरी आहेत त्यालाच तो सुचावयाचा.

इतक्या चाचण्या लिहून झाल्या आणि सर्व पास झाल्या, तरी एक शंका उरते: या चाचण्या तरी जाग्या आहेत काय? तिचें निरसन जुनें आहे. १९७८ सालीं डिमिलो, लिप्टन व सेवर्ड या तिघांनीं चाचण्यांची परीक्षा घेण्याची एक युक्ति प्रसिद्ध केली. चांगल्या प्रोग्रॅममध्यें मुद्दाम एक बारीक चूक करावी आणि चाचण्या चालवाव्या. त्या ओरडल्या तर त्या जाग्या आहेत. गप्प राहिल्या तर त्या जागीं एक चाचणी कमी आहे. ‘डावी’च्या ठिकाणीं ‘उजवी’ लिहून पाहावें, सखोल तुलना उथळ करून पाहावी, आंत उतरणारी ओळ पुसून पाहावी. जी चाचणी कधींच नापास झालेली कोणीं पाहिली नाहीं, तिच्या पास होण्याला अर्थ नाहीं. ज्या चौकीदारानें कधीं कोणाला हटकलें नाहीं तो जागा आहे कीं निजला आहे, हें कसें कळावें?

अशा रीतीनें विचार केला असतां, चाचणी कशी लिहावी हा प्रश्न अखेर अहवालावर कोण विसंबणार आहे, या प्रश्नापाशीं येऊन ठेपतो. शब्द बदलतात, पडदे बदलतात, संगणकहि बदलतात. त्यांच्यासाठीं थोड्या चाचण्या पुरेत. परंतु “दोन्ही सारखें आहे” हें वाक्य वाचून जो मनुष्य जुन्या डिस्ककडे हात नेतो, त्याच्यासाठीं मात्र जितक्या लिहाव्या तितक्या कमीच. त्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमजवळ ‘क’ आणि ‘ख’ यांची ती चार ओळींची चाचणी असती, तर त्याची उथळ नजर त्याच्या कर्त्याला वेळींच दिसली असती आणि पत्रें पुसण्यापूर्वीं कोणीतरी थांबलें असतें.